दोन किलोचा सिलिंडर दीड महिन्यात संपतो तेव्हा: प्लांटेड टँकचा गॅस जातो कुठे?

शंभर लिटरच्या प्लांटेड टँकला, म्हणजे जिवंत पाणवनस्पती लावलेल्या माशांच्या टाकीला, दिवसाला साधारण ६ ते १२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड लागतो. झाडं किती दाट आहेत, दिवा किती प्रखर आहे, फिल्टर कोणता आहे यावर आकडा मागेपुढे होतो. तरी या हिशेबाने दोन किलोचा सिलिंडर निदान साडेपाच महिने पुरायला हवा. तो दीड महिन्यात रिकामा होत असेल तर रोज ४४ ग्रॅम गॅस खर्च होतोय. शंभर लिटर पाण्यात लिटरमागे ३० मिलिग्रॅम गॅस असला तरी एका वेळी पाण्यात असतो फक्त ३ ग्रॅम. मग बाकीचा गेला कुठे?

सिलिंडर लवकर संपला की नवखा माणूस पहिल्यांदा नीडल व्हॉल्व्ह, म्हणजे टाकीकडे जाणारा गॅस कमी-जास्त करायचा नॉब, आवळतो. त्याने बहुतेक वेळा नुकसानच होतं. गळती नीडल व्हॉल्व्हच्या अलीकडे असेल तर ती तशीच चालू राहते, झाडांच्या वाट्याचा गॅस मात्र कमी होतो. दोन-तीन आठवड्यांत पानांच्या कडांवर काळं, केसाळ शेवाळ धरायला लागतं, आणि सिलिंडर तरीही लवकरच संपतो. नीडल व्हॉल्व्हला हात अगदी शेवटी लावायचा. त्याआधी चार गोष्टी तपासायच्या: सिलिंडर मुळात पूर्ण भरला होता का, गॅस बाहेरच गळतोय का, पाण्यात न विरघळताच वर निघून जातोय का, आणि विरघळलेला पृष्ठभागावरून उडतोय का.

सुरुवात वजनकाट्यापासून

बुडबुड्यांची संख्या किंवा दाबाचा काटा यावरून खर्च कळत नाही. तो वजनावरूनच कळतो. दहा किलोपर्यंत वजन घेणारा आणि एक-दोन ग्रॅमचा फरक दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. लोखंडी सिलिंडर जड असेल तर प्रवासाच्या बॅगा तोलायचा लटकता काटा घ्या. तो दहा ग्रॅमपर्यंतच अचूक असतो, म्हणून नोंदी जरा लांबच्या अंतराने घ्याव्या लागतात.

पहिल्या दिवशी रेग्युलेटर लावलेला ठेवूनच वजन करा. नळी सोडवलेली असेल तर दर वेळी सोडवूनच करा, नाहीतर नळीच्या ओढीने वीस-तीस ग्रॅमचा फरक सहज पडतो. सात दिवसांनी पुन्हा करा. आलेल्या फरकाला सातने भागलं की रोजचा खर्च मिळतो. शंभर लिटरमागे १२ ग्रॅमच्या आत असाल तर गळती शोधायची गरज नाही, फार तर थोडी काटकसर करता येईल. २० च्या वर गेलात तर गॅस नक्की कुठेतरी वाया जातोय.

सिलिंडरच्या मानेवर रिकामं वजन कोरलेलं असतं. भरून आणल्यावर रेग्युलेटर न लावता एकदा वजन करा आणि त्यातून ते वजा करा. पुष्कळदा गोष्ट इथेच उलगडते. लहान सिलिंडर मोठ्या सिलिंडरमधून पंपाशिवाय, नुसत्या दाबाच्या फरकाने भरला तर तो पूर्ण भरत नाही, विशेषतः उन्हाळ्यात लहान सिलिंडर आधी थंड न करता भरला तर. दोन किलोचे पैसे दिलेत आणि आत गॅस आहे सव्वा किलो, असं झालं असेल तर टाकीत शोधाशोध करण्यात अर्थ नाही. दुकानातच, डोळ्यांसमोर वजन करून घ्यायला सांगा. त्यात संकोच कसला?

दाबाचा काटा काय सांगतो, काय नाही

सिलिंडरमध्ये कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो आणि द्रवाच्या वर त्याची वाफ. द्रवाचा एक थेंब शिल्लक असेपर्यंत दाब फक्त तापमानावर ठरतो: २० अंशांना सुमारे ५७ बार, २५ ला ६४, ३० ला ७२. म्हणून नवा सिलिंडर आणि अर्धा संपलेला सिलिंडर काट्यावर सारखेच दिसतात. सकाळी काटा ६० वर होता आणि दुपारी ७० वर गेला, तर ती खोलीची उष्णता.

३१ अंशांच्या वर द्रव आणि वायू हा भेदच राहत नाही. विदर्भात मे महिन्यात बंद खोलीत पूर्ण भरलेल्या सिलिंडरचा दाब १०० बारच्या पुढे जाऊ शकतो. सिलिंडर आणि त्याचा व्हॉल्व्ह त्यापेक्षा बराच जास्त दाब सोसण्यासाठी बनवलेले असतात, पण उन्हाच्या खिडकीशी, गॅलरीत किंवा टाकीच्या दिव्याच्या चोकजवळ सिलिंडर ठेवू नका. कपाटात ठेवला असेल तर दार किंचित उघडं राहू द्या.

काटा उतरायला लागला की सिलिंडर संपला, असं सरसकट सांगितलं जातं. ते तितकंसं खरं नाही. २५ अंशांना द्रव संपतो त्या क्षणी मूळ भरलेल्या गॅसचा जवळपास तिसरा हिस्सा वाफेच्या रूपात आतच असतो. काटा ३० बारवर आला की उरतो साधारण दहावा हिस्सा. म्हणजे काटा हलल्यावर घाबरून त्याच दिवशी भरायला नेण्याची गरज नाही. पण १५-२० बारच्या खालीही जाऊ देऊ नका. सिंगल स्टेज (दाब एकाच टप्प्यात उतरवणाऱ्या) रेग्युलेटरमध्ये सिलिंडरचा दाब पडला की बाहेरचा दाब वाढतो, बुडबुडे आपोआप वेगाने सुटतात, आणि मासे मेल्याच्या कित्येक तक्रारींमागे हेच कारण निघतं. ड्युअल स्टेज रेग्युलेटर महाग असतो तो याच कारणाने.

गळती कशी पकडायची

दिवसाला २० ग्रॅमची गळती म्हणजे मिनिटाला जवळजवळ साडेसात मिलिलिटर गॅस, तोही चोवीस तास. बबल काउंटरमधल्या (टाकीकडे जाणाऱ्या गॅसचे बुडबुडे मोजायच्या, द्रव भरलेल्या कुपीतल्या) सेकंदाला एका बुडबुड्यापेक्षा हे जास्तच आहे. अशा गळतीचा आवाज येत नाही, गॅसला वासही नसतो, पण साबणाला ती लगेच सापडते.

भांडी घासायच्या लिक्विडचा एक चमचा अर्धा कप पाण्यात फेस न करता ढवळा. रंगाचा बारीक ब्रश किंवा कापसाची काडी घ्या. फवारा नको. सोलेनॉइडची (टायमरवर गॅस चालू-बंद करणाऱ्या व्हॉल्व्हची) कॉइल विजेवर चालते, तिच्यात पाणी शिरता कामा नये. सिलिंडरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि सोलेनॉइड चालू ठेवा, म्हणजे सगळ्या जोडांत दाब राहील. मग सिलिंडरकडून टाकीच्या दिशेने एकेक जोड ओला करत चला. प्रत्येक ठिकाणी दोन-तीन मिनिटं थांबा. मोठ्या गळतीला टपोरे बुडबुडे येतात ते लगेच दिसतात. छोट्या गळतीला मात्र जोडाच्या एकाच बाजूला पांढरा, दाट, बारीक फेस हळूहळू साठत जातो. साबण लावताना आपल्याच ब्रशने झालेला फेस मिनिटभरात विरतो, गळतीचा फेस वाढत राहतो. फरक ओळखायची खूण हीच.

सर्वाधिक गळती सापडते ती सिलिंडर आणि रेग्युलेटर यांच्यामधल्या नटाजवळ. इथे गॅस अडवतं ते वायसर, आट्यांचं काम फक्त दोन्ही भाग एकमेकांवर दाबून धरण्याचं. म्हणून या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळून काही साधत नाही. उलट टेपचा तुकडा सुटून रेग्युलेटरच्या आत जाण्याची भीती असते. गळती इथे असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, सोलेनॉइड चालू ठेवून उरलेला गॅस जाऊ द्या, रेग्युलेटरवरचे दाबाचे दोन्ही काटे शून्यावर आल्यावरच नट सोडा. नायलॉनचं वायसर हातात घेऊन उजेडात बघा. त्यावर एकसारखं गोल वळ उमटलेलं असायला हवं. वळ एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला पुसट असेल तर रेग्युलेटर तिरका बसला होता. ओरखडा, चीर किंवा बारीक खडा दिसला तर वायसर टाकून द्या. नवं वायसर एकच लावायचं. दोन लावली की हमखास गळतं. नट हाताने घट्ट करा, मग पान्याने पाव फेरा. तेवढ्यानेही गळत असेल तर आणखी आवळत बसू नका, काढून पुन्हा बसवा. जास्त आवळल्याने वायसर चेपून बाहेर फाकतं.

आपल्याकडे येणारे सिलिंडर आणि रेग्युलेटर एकाच आट्यांचे असतातच असं नाही. डब्ल्यू २१.८ आणि सीजीए ३२० हे हौशी लोकांच्या वापरातले दोन प्रकार आहेत, आणि स्थानिक गॅसवाल्याच्या लोखंडी सिलिंडरला तिसरेच आटे असू शकतात. मधे अडॅप्टर लावावा लागला तर गळतीची एक जागा वाढली, हे ध्यानात ठेवून तिथे दोनदा साबण लावा.

यानंतर दाबाच्या काट्यांचे आटे बघा. हे निमुळते असतात आणि इथे टेफ्लॉन टेप चालतो: आट्यांच्याच दिशेने तीन-चार वेढे, पहिला आटा मोकळा सोडून. पुढे सोलेनॉइडचे दोन्ही जोड, बबल काउंटरचं झाकण (आतली रबरी ओ-रिंग कोरडी पडून चिरते, तिला सिलिकॉन ग्रीसचा हलका हात द्यावा), नळीचे नट, चेक व्हॉल्व्ह (टाकीचं पाणी उलट येऊ न देणारा). सिलिंडरच्या व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीही साबण लावायला विसरू नका. तिथली गळती व्हॉल्व्ह उघडा असतानाच होते आणि बंद केल्यावर तपासणाऱ्याला ती कधीच दिसत नाही. त्याच व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूला भोक असलेला छोटा नट असतो, तो सुरक्षेचा बर्स्ट डिस्क. तिथून किंवा दांड्याभोवती फेस आला तर स्वतः पाना लावू नका. व्हॉल्व्ह बंद करून सिलिंडर भरणाऱ्याकडे न्या.

साबणाने काहीच सापडलं नाही आणि वजन तरी उतरतंय, तर रात्रभराची दाब-चाचणी करा. रात्री सोलेनॉइड बंद झाल्यावर सिलिंडरचा व्हॉल्व्हही बंद करा आणि दोन्ही काट्यांचे फोटो काढून ठेवा. आता रेग्युलेटरमध्ये अगदी थोडा गॅस अडकलेला आहे, त्यामुळे जराशी गळतीही काट्यावर मोठी होऊन दिसते. रात्री खोली गार झाल्याने पाच-सात बार उतरले तर सोडून द्या. सकाळी काटा निम्म्यावर किंवा शून्यावर आला असेल तर गळती सिलिंडरचा नट ते सोलेनॉइड या टप्प्यात आहे. काटा जागेवर असेल तर दोष सोलेनॉइडच्या पुढे, नळीकडे शोधा.

नळीचा दोष फार जणांच्या लक्षात येत नाही. हवेच्या पंपाला लावतात ती मऊ सिलिकॉनची नळी कार्बन डायऑक्साइडला नीट अडवत नाही. तो तिच्या भिंतीतूनच झिरपून जातो. साबणाला हे दिसत नाही, कारण गळती एका जागी नसून पूर्ण लांबीभर पसरलेली असते. पीयूची, म्हणजे पॉलियुरेथेनची, ४ मिलिमीटर आतला आणि ६ मिलिमीटर बाहेरचा व्यास असलेली कडक नळी घ्या. तिचं टोक कात्रीने न कापता धारदार ब्लेडने सरळ कापा. काचेच्या डिफ्युझरला (चकतीतून गॅसचे बारीक बुडबुडे पाण्यात सोडणाऱ्या भागाला) कडक नळी थेट बसवायला गेलात तर काच तडकते, तिथे दोन सेंटिमीटर सिलिकॉनचा तुकडा जोड म्हणून चालेल.

बंद खोलीत गळती असेल तर ते फक्त पैशांचं नुकसान नाही. दोन किलो गॅस म्हणजे हवेच्या दाबाला सुमारे ११०० लिटर. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच बंद खोलीत तो एकदम सुटला तर हवेत त्याचं प्रमाण चार टक्क्यांच्या आसपास जातं, आणि ते जिवाला धोक्याचं आहे. गॅस हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत साचतो. सिलिंडर झोपायच्या खोलीत नको, आणि उभा, पट्ट्याने भिंतीला किंवा स्टँडला बांधलेलाच हवा. आडवा ठेवला तर द्रव थेट रेग्युलेटरमध्ये शिरून आतली सीट खराब होते. आग विझवण्याचा जुना सिलिंडर स्वस्तात मिळतो म्हणून वापरणाऱ्यांचीही हीच गत होते. त्याच्या आत तळापर्यंत जाणारी नळी असते आणि व्हॉल्व्ह उघडला की वाफ न येता द्रव बाहेर पडतो. ती नळी जाणकाराकडून काढून घेतल्याशिवाय असा सिलिंडर टाकीला जोडू नये. कोणताही सिलिंडर घेताना मानेवरची चाचणीची तारीख आणि पेसोच्या (केंद्र सरकारच्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेच्या) मान्यतेची खूण बघा. पेसोचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे, पण मुदत संपलेले सिलिंडर बाजारात सगळीकडे फिरतात.

रात्री गॅस चालू राहतो का?

झाडं अंधारात गॅस वापरत नाहीत, उलट सोडतात. सोलेनॉइड नसलेल्या जोडणीत गॅस चोवीस तास चालतो आणि आठ तासांच्या कामासाठी तिप्पट खर्च होतो. सोलेनॉइडचे पैसे त्यामुळे लवकर भरून निघतात.

सोलेनॉइड असूनही दिवे बंद झाल्यावर तासाभराने बबल काउंटर बघा. डिफ्युझरच्या नळीतला दाब उतरेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं बुडबुडे येतात, ते ठीक आहे. तासाभरानंतरही येत असतील तर सोलेनॉइडच्या सीटवर कचरा अडकला आहे, बहुधा टेपचाच तुकडा. कॉइल चालू असताना हाताला चांगली गरम लागते, तो बिघाड नव्हे. बंद असायच्या वेळी गरम लागली तर मात्र टायमर चुकतोय.

टायमर चुकण्याचं साधं कारण म्हणजे लोडशेडिंग. दात्यांचा फिरता टायमर वीज गेली की थांबतो. दिवसात तीन तास वीज गेली तर दुसऱ्या दिवशी सगळं वेळापत्रक तीन तासांनी मागे सरकतं. गॅस आणि दिवा वेगवेगळ्या टायमरवर असतील आणि त्यातला एकच इन्व्हर्टरवर असेल, तर आठवड्याभरात गॅस अंधारात आणि दिवा गॅसवाचून, अशी अवस्था होते. आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या. आणि एक गोष्ट टाळाच: सोलेनॉइड इन्व्हर्टरवर आणि फिल्टर साध्या लाइनवर. वीज गेल्यावर पाणी थांबतं, गॅस येत राहतो आणि एका कोपऱ्यातलं पाणी माशांना मारक होतं. दोन्ही एकाच बोर्डावर लावा.

गॅस दिव्याच्या दोन तास आधी सुरू करा आणि दिवा बंद व्हायच्या एक तास आधी थांबवा. शेवटच्या तासाला पाण्यात विरघळलेला गॅस झाडांना पुरतो.

विरघळण्याआधीच वर गेलेला गॅस

डिफ्युझरमधून निघालेला बुडबुडा सरळ वर जाऊन फुटत असेल तर तो तुम्ही खोलीत सोडला. किती गॅस असा जातो ते मोजता येतं. काचेचा मापाचा पेला पाण्यात बुडवून भरा आणि उलटा करून पृष्ठभागाच्या जरा खाली, बुडबुड्यांच्या झोताच्या वर पाच मिनिटं धरा. समजा, २० मिलिलिटर गॅस साठला. म्हणजे मिनिटाला ४, आठ तासांत जवळपास १९०० मिलिलिटर, आणि एक लिटर गॅसचं वजन १.८ ग्रॅम धरलं तर रोज सुमारे साडेतीन ग्रॅम. बुडबुड्यात पाण्यातला ऑक्सिजन आणि नायट्रोजनही शिरतो, त्यामुळे हा आकडा थोडा फुगलेला असतो. तरी तुलनेला तो चांगला उपयोगी पडतो.

उपाय तीन. डिफ्युझर तळाशी, पण फिल्टरचा झोत ज्या भिंतीवर आदळून खाली वळतो तिथे लावा. बुडबुडे झोताबरोबर खाली-आडवे फिरले पाहिजेत. दुसरा, चकती स्वच्छ ठेवा. शेवाळाने अर्धी छिद्रं बुजली की गॅस उरलेल्या छिद्रांतून जाड बुडबुड्यांत येतो. एक भाग घरगुती ब्लीच आणि तीन भाग पाणी यात चकती दीड-दोन तास बुडवा, वाहत्या पाण्यात धुवा, मग क्लोरीन घालवणाऱ्या द्रावणाच्या दुप्पट मात्रेत अर्धा तास ठेवा. ब्रशने घासू नका, छिद्रं आणखी बुजतात. ब्लीचबरोबर किंवा ब्लीचच्या लगोलग व्हिनेगर तर मुळीच वापरू नका, क्लोरीन वायू सुटतो. तिसरा उपाय कॅनिस्टर (टाकीबाहेर ठेवायच्या बंद डब्याचा) फिल्टर असणाऱ्यांसाठी: परतीच्या पाइपवर रिॲक्टर, म्हणजे गॅस आणि पाणी आत मिसळणारी बंद नळी, बसवा. त्यात गॅस जवळजवळ पूर्ण विरघळतो. काही जण नळी थेट फिल्टरच्या आत ओढणाऱ्या पाइपमध्ये सोडतात. ते थोड्या गॅसला चालतं, पण फिल्टरमध्ये गॅस साठून पंखा खडखडायला लागला की बंद करा.

पृष्ठभागावरून उडालेला गॅस

पाण्यात लिटरमागे ३० मिलिग्रॅम गॅस असतो, हवेशी समतोल साधला तर तो अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास असता. म्हणून गॅस सतत बाहेर धावतो, आणि प्रमाण जितकं वाढवाल तितक्या वेगाने. ३० वरून ४५ वर नेऊन तिथे टिकवायचं म्हणजे हवेत जाणारा गॅस दीडपट होतो. झाडांच्या वाढीत तेवढा फरक पडत नाही.

पाणी जिथे फुटतं तिथे गॅस जातो. टाकीच्या कडेला लटकवायच्या हँग-ऑन फिल्टरचा धबधबा हे सगळ्यात नेहमीचं कारण. टाकीतलं पाणी फिल्टरच्या ओठापर्यंत भरून ठेवा, पडण्याची उंची एक सेंटिमीटरच्या आत आणा. बाष्पीभवनाने पातळी उतरली की रोज भरा. हवेचा पंप दिवसा बंद ठेवा. सम्प (टाकीखालची फिल्टरची दुसरी टाकी) असेल तर ओव्हरफ्लोमध्ये (पाणी सम्पकडे उतरतं त्या कप्प्यात) पाण्याची पातळी उंच ठेवा, सम्पवर झाकण घाला आणि पाणी थेंबाथेंबाने पडणारा कप्पा असेल तर तो बुडवून टाका. तरीही सम्पच्या टाकीला जास्त गॅस लागणारच, ते मान्य करून चाला.

पृष्ठभाग अगदी निश्चल करणं हीसुद्धा चूकच. त्यावर तेलकट साय धरते, आणि ऑक्सिजन पाण्यात येतो तो याच पृष्ठभागातून. पाणी फुटत नाही, पण दिव्याची तिरीप तळावर हलताना दिसते, एवढी लहर बरोबर. उन्हाळ्यात टाकी ३० अंशांवर गेली की पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो: २५ अंशांना लिटरमागे ८.३ मिलिग्रॅम, ३० ला ७.५. तेव्हा एप्रिल-मे मध्ये लहर वाढवा, गॅस थोडा वाया गेला तरी चालेल.

मुळात गॅस हवा किती?

ड्रॉप चेकरमध्ये (पाण्यातला गॅस रंगाने दाखवणाऱ्या, टाकीत लावायच्या कुपीत) टाकीचं पाणी घालू नका. त्यात ४ डीकेएचचं तयार द्रावण (डीकेएच म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेट कठीणतेचं, केएचचं, माप) आणि ब्रोमोथायमॉल ब्लू या रंगदर्शकाचे थेंब घालायचे. निळा रंग म्हणजे गॅस कमी, पोपटी हिरवा म्हणजे ३० च्या जवळपास, पिवळा म्हणजे जास्त. रंग एक ते दोन तास मागे असतो. नॉब फिरवून लगेच रंग बघण्यात अर्थ नाही. ड्रॉप चेकर डिफ्युझरच्या झोतात लावला तर बुडबुडे थेट आत शिरून तो नेहमी पिवळाच दाखवेल. समोरच्या टोकाला, मधल्या उंचीवर लावा.

पीएच आणि केएच मोजता येत असतील तर ३० मिलिग्रॅमसाठी अंदाज असा: केएच २ असेल तर पीएच ६.३, केएच ४ ला ६.६, केएच ८ ला ६.९. बोअरच्या पाण्याचा केएच पुष्कळदा जास्त असतो, त्यामुळे तिथे पीएच सातच्या वर दिसला तरी गॅस पुरेसा असू शकतो. उगाच पीएच ६.५ वर आणायच्या नादात सिलिंडर रिकामे करणारे बरेच दिसतात. टाकीत ॲक्वासॉइल (झाडांसाठीची खास माती) किंवा रंग सोडणारं लाकूड असेल तर हा हिशेब फसतो, तिथे ड्रॉप चेकरवरच विसंबा.

गॅसची मागणी ठरवतो तो दिवा. एलईडी पूर्ण ताकदीने दहा तास लावला तर झाडं भुकेली होतात, आणि गॅस कमी पडला की शेवाळ येतं. दिवा ६०-७० टक्क्यांवर आणून सात तास ठेवला तर कमी गॅसही आपोआप पुरतो. टाकीत फक्त अनुबियास, जावा फर्न, बुसेफलान्ड्रा आणि क्रिप्टोकोरिन असतील तर सिलिंडरची गरजच नाही. क्रिप्टोकोरिनच्या काही जाती तर कोकणातल्या ओढ्यांत आपसूक वाढतात. लाल रोटाला, अल्टर्नान्थेरा, ग्लॉसोस्टिग्माचा गालिचा हवा असेल तरच ३० चा हट्ट धरा.

बुडबुड्यांचं गणित का जुळत नाही

"माझे सेकंदाला दोन, त्याचेही दोन, मग त्याचा सिलिंडर दुप्पट कसा पुरतो?" हा प्रश्न हमखास येतो. बुडबुड्याचा आकार काउंटरच्या नळीवर आणि आतल्या द्रवावर ठरतो. पाण्याऐवजी ग्लिसरीन घातलं की आकार बदलतो. मोठा फरक पडतो तो दाबामुळे. बारीक चकतीच्या डिफ्युझरला गॅस ढकलायला दीड-दोन बार दाब लागतो, त्यामुळे काउंटरमधल्या त्याच आकाराच्या बुडबुड्यात अडीच-तीनपट गॅस दाबून भरलेला असतो. रिॲक्टरला असा दाब लागत नाही. म्हणून दुसऱ्याचा बुडबुड्यांचा आकडा आपल्या टाकीला लावू नका. काउंटरचा उपयोग एवढाच: काल होता तसाच आज आहे ना, हे बघणं.

दुरुस्तीनंतर लगेच सावध राहा

सर्वात जास्त मासे मरतात ते दुरुस्तीनंतर. नळीची गळती थांबली, डिफ्युझर स्वच्छ झाला, धबधबा बंद केला, म्हणजे आधीच्याच बुडबुड्यांत आता पाण्यात कितीतरी जास्त गॅस विरघळतो. दुरुस्ती केल्या दिवशी बुडबुड्यांचा वेग निम्म्यावर आणा, आणि हे काम घरी असाल अशा सुट्टीच्या दिवशीच करा. मग ड्रॉप चेकर पोपटी हिरवा होईपर्यंत दिवसाला एकदाच, नीडल व्हॉल्व्ह अगदी केसभर उघडत जा.

दुपारी, गॅस चालू असताना मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले, कोळंब्या निपचित पडल्या किंवा पाण्याबाहेर चढू लागल्या, तर गॅस जास्त झालाय. सोलेनॉइड बंद करा, हवेचा पंप पूर्ण वेगाने सोडा, एक तृतीयांश ते निम्मं पाणी बदला (नळाचं असेल तर क्लोरीन घालवून). मासे पहाटे, दिवा लागण्याआधी वर येत असतील तर तो बहुधा रात्रीच्या ऑक्सिजनच्या कमतरतेचा प्रश्न आहे. त्याला रात्रीपुरता हवेचा पंप लावा, उलट्या टायमरवर.

आठवडाभराने पुन्हा वजन करा. खर्च १२ ग्रॅमच्या आत आला असेल तर तारीख आणि वजन सिलिंडरवर चिकटपट्टीने लावून ठेवा, पुढची नोंद महिन्याने घेतली तरी चालेल. अजून २० च्या वर असेल तर दाब-चाचणी पुन्हा करा, या वेळी नळी काढून, नीडल व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून आणि सोलेनॉइड चालू ठेवून. म्हणजे सोलेनॉइड आणि नीडल व्हॉल्व्ह यांच्यामधला जोडही तपासला जाईल. आणि सिलिंडर भरायला न्याल तेव्हा दोन-चार नवी नायलॉन वायसर आणून ठेवा. दर भरणीला एक नवं लावायचं.